पोकळ बूड आणि नळीतली फट : प्रस्तावना

बंदुकीच्या गोळीकडून पूर्वापार दोन अपेक्षा केल्या गेल्या आहेत आणि त्या एकमेकींच्या आड येतात. भरताना ती सैल असावी, म्हणजे घाईत आणि आधीच्या बारांची काजळी आत साचलेली असतानाही ती नळीत विनासायास उतरेल. सुटताना मात्र ती घट्ट असावी, म्हणजे पेटलेल्या दारूचा वायू तिच्या कडेने निसटून वाया जाणार नाही आणि नळीच्या आतल्या अंगाला कोरलेल्या मळसूत्री खाचा, ज्यांना आटे म्हणतात, तिला पकडून फिरकी देतील. गोळी आणि नळी यांच्यामधली ही अगदी बारीक फट मिटवण्यासाठी गेल्या दोनशे वर्षांत जे उपाय झाले, त्यांतला सर्वांत साधा आणि सर्वांत चिवट उपाय म्हणजे गोळीच्या मागच्या टोकाला वाटीसारखी पोकळी ठेवणे. या पोकळीभोवती शिशाची पातळ कड उरते. बार उडाला की वायूचा दाब पोकळीत शिरतो, कडेला बाहेर रेटतो आणि मऊ शिसे आट्यांत जाऊन बसते. सायकलच्या पंपातला वाटीसारखा चामडी वायसर दट्ट्या दाबताच फाकून नळीला चिकटतो, त्याच तत्त्वावर ही गोळी चालते.

प्रस्तुत ग्रंथ या पोकळ बुडाच्या गोळीविषयी, आणि विशेषतः पिस्तूल व रिव्हॉल्व्हर यांच्या काडतुसांत ती पुन्हा भरण्याच्या कलेविषयी आहे. मराठीत शस्त्रविद्येवरचे लेखन बव्हंशी तलवारी, तोफा आणि किल्ले यांच्याभोवती फिरते. काडतुसासारख्या लहान, स्वस्त आणि एकदा वापरून टाकून दिल्या जाणाऱ्या वस्तूकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच जाते. हे दुर्लक्ष एका अर्थी समजण्यासारखे असले, तरी त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या इतिहासातील काही ठळक घटनांमागचे यांत्रिक कारणच नजरेआड राहते, याची जाणीव या विषयात थोडेसे खोल उतरलेल्या कोणालाही होते.

नवख्या वाचकाचा पहिला गोंधळ पोकळीच्या जागेवरून होतो, म्हणून तो आरंभीच दूर करणे इष्ट. गोळीच्या नाकाला पोकळी असली, तर ती लक्ष्यावर आदळल्यावर फुलते. पोकळी बुडाला असली, तर गोळी नळीत असतानाच फुलते आणि तिचे काम नळीच्या तोंडाशी संपते. पहिल्या प्रकाराशी कोलकात्याजवळच्या डमडम शस्त्रशाळेचे नाव कायमचे जोडले गेले आणि १८९९ च्या हेग परिषदेने शरीरात सहज फुलणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धात वापरण्यास मनाई केली. दुसऱ्या प्रकाराचा त्या वादाशी संबंध नाही. अपवाद एकच, आणि तो बोलका आहे: ब्रिटिश सैन्याच्या .४५५ वेब्ली रिव्हॉल्व्हरसाठी १८९८ साली आलेल्या तिसऱ्या नमुन्याच्या गोळीला दोन्ही टोकांना पोकळी होती, आणि हेगनंतर ती मागे घ्यावी लागली ती नाकामुळे, बुडामुळे नव्हे.

दुसरी गोष्ट काडतुसाच्या रचनेची. आधुनिक काडतुसाचे चार भाग असतात: पितळी कवच, ज्याला नेमबाज नुसते केस म्हणतात, तिच्या बुडाशी आघाताने पेटणारी टोपी, म्हणजे प्राइमर, आत दारू, आणि तोंडाशी गोळी. बार उडाल्यावर दारू जळून जाते, टोपी निकामी होते, गोळी निघून जाते आणि चौघांत सर्वांत महाग असलेली केस तेवढी हातात उरते. ती साफ करून, फुगलेली असल्यास साच्यातून पूर्ववत मापात आणून, नवी टोपी, मोजलेली दारू आणि नवी गोळी बसवणे म्हणजे पुनर्भरण. अर्थात हे सर्वच काडतुसांचे होत नाही. नेमबाजीत सर्वाधिक वापरले जाणारे .२२ चे काडतूस बुडाच्या काठावर आघात होऊन पेटते, त्याचे स्फोटक मिश्रण केसच्या घडीतच भरलेले असते आणि त्याला वेगळी टोपी नसते, त्यामुळे सामान्य पुनर्भरणात त्याला स्थान नाही. मध्यभागी टोपी असणाऱ्या काडतुसांतही दोन पद्धती आहेत. इंग्रज अधिकारी एडवर्ड बॉक्सर यांच्या पद्धतीत ठिणगी जाण्याचे छिद्र मधोमध एकच असल्याने जुनी टोपी एका सुईने सहज बाहेर ढकलता येते. अमेरिकन हायरम बर्डन यांच्या पद्धतीत छिद्रे दोन आणि बाजूला असतात व मधला उंचवटा केसचाच भाग असतो, त्यामुळे हे काम किचकट होते. दोन्ही पद्धती १८६६ च्या सुमाराच्या. गंमत अशी की इंग्रजाची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. घरगुती पुनर्भरणाचा छंद अमेरिकेत एवढा फोफावला, त्यामागच्या कारणांत या अदलाबदलीचाही वाटा आहे.

या विषयाचा इतिहास ठासणीच्या बंदुकीपासून सुरू होतो. कोकणात शेताच्या राखणीसाठी परवान्यावर बाळगल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना तोंडाकडून दारू ओतून गजाने ठासण्याची क्रिया सांगावी लागणार नाही. अशा सपाट नळीच्या लष्करी बंदुकीत फट मुद्दामच मोठी ठेवलेली असे: ब्रिटिशांच्या प्रसिद्ध ‘ब्राउन बेस’च्या नळीचा व्यास पाऊण इंच, तर गोळीचा .६९ इंचाच्या आसपास. गोळी झपाट्याने आत जाई, पण बाहेर पडताना नळीच्या भिंतींवर आपटत निघे आणि शंभर यार्डांपलीकडे नेम हा नशिबाचा भाग होई. आट्यांच्या नळीत उलट अडचण होती. आटे पकडायला गोळी नळीएवढीच हवी आणि ती गजाने, प्रसंगी लाकडी हातोडीने ठोकत आत न्यावी लागे. इंग्रजांच्या बेकर रायफलीबरोबर सुरुवातीला अशा हातोड्या दिल्याही जात.

ही कोंडी फोडण्याचा एक आरंभबिंदू दक्षिण भारतात सापडतो. ब्रिटिश सैन्याच्या ३४ व्या पलटणीतील कॅप्टन जॉन नॉर्टन यांनी तेथल्या लोकांच्या फुंकनळीतील बाण पाहिले, त्या बाणांच्या बुडाला लावलेला मऊ भेंडासारखा गाभा फुंकरीने फुगून नळी बंद करतो हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यावरून १८२३ मध्ये त्यांनी पोकळ बुडाची लांबट गोळी सुचवली, असे बंदुकांच्या इतिहासकारांत परंपरेने सांगितले जाते. सरकारी यंत्रणेने ती नाकारली. १८३६ मध्ये विल्यम ग्रीनर यांनी मागच्या पोकळीत धातूची खुंटी बसवलेली गोळी पुढे केली. चाचणी समाधानकारक झाली, तरी गोळी दोन तुकड्यांची आहे या सबबीवर तिचीही तीच गत झाली. पुढे फ्रेंच अधिकारी क्लोद-एतिएन मिनिए यांना त्याच तत्त्वाबद्दल ब्रिटिश सरकारने २०,००० पौंड मोजले, तेव्हा ग्रीनर यांनी हक्क सांगितला आणि १८५७ मध्ये त्यांच्या हाती १,००० पौंड पडले. शोधाचे श्रेय आणि शोधाचा मोबदला यांच्यात केवढी फट असू शकते, याचे हे उदाहरण दुर्लक्षिण्याजोगे नाही.

फ्रान्समध्ये मिनिएंच्या आधी आणखी दोघांनी वाट काढली होती. आंरी-गुस्ताव्ह देल्विन्य यांनी १८२६ च्या सुमारास नळीच्या तळाशी दारूसाठी अरुंद कप्पा केला; सैल गोळी त्या कप्प्याच्या काठावर टेकली की गजाचे दोन-तीन ठोके देऊन ती चपटी करायची, म्हणजे ती रुंदावून आट्यांत शिरे. कर्नल थुव्हनँ यांनी कप्प्याऐवजी तळाशी पोलादी खुंट उभा केला आणि गोळी त्यावर ठोकली. दोन्ही उपायांत गोळीचा आकार शिपायाच्या मनगटावर सोडलेला होता. १८४९ च्या मिनिए गोळीने ते काम शिपायाकडून काढून दारूकडे दिले, आणि तिचे खरे वैशिष्ट्य हेच मानले पाहिजे. तिच्या बुडातल्या शंक्वाकार पोकळीत लोखंडी वाटी बसवलेली असे. स्फोटाबरोबर ती वाटी शिशात पुढे घुसून कड फाकवी.

वाटी खरोखर लागते का, या प्रश्नावर पुढची दहा-बारा वर्षे जो वाद चालला, त्यातून तीन संप्रदाय तयार झाले. मिनिएंच्या अनुयायांचा भर वाटीवर होता. दुसऱ्या संप्रदायाचे म्हणणे असे की वायूचा दाब एकटा पुरेसा आहे: अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या शस्त्रशाळेत जेम्स बर्टन यांनी १८५५ च्या सुमारास कड आणखी पातळ करून लोखंडी वाटी काढूनच टाकली, आणि १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंनी झाडलेल्या गोळ्यांचा मोठा हिस्सा या बिनवाटीच्या गोळ्यांचा होता. तिसऱ्या संप्रदायाने पोकळीच नाकारली. इंग्लंडमध्ये विल्किन्सन आणि ऑस्ट्रियात लोरेन्झ रायफलीसाठी भरीव बुडाच्या, पण कमरेला खोल वळे असलेल्या गोळ्या झाल्या. मागून धक्का बसताच नाक जडत्वाने मागे राही, वळी मिटत आणि गोळी आखूड होऊन रुंदावे. या तिन्हींपैकी यांत्रिक दृष्टीने तिसरी कल्पना सर्वांत देखणी होती, असे म्हणावेसे वाटते. पण युद्धे कारखान्यात स्वस्त पडणाऱ्या गोळीने लढली जातात आणि मैदान बर्टन यांच्या गोळीकडे राहिले.

ब्रिटिशांनी १८५३ च्या नमुन्याची .५७७ व्यासाची एन्फील्ड रायफल स्वीकारली तेव्हा तिच्यासाठी प्रिचेट गोळी निवडली. ५३० ग्रेन वजनाची, बाहेरून गुळगुळीत आणि बुडाला उथळ पोकळी असलेली. ग्रेन हे दारूगोळ्यातले रूढ वजन असून ७,००० ग्रेनचा एक पौंड होतो. गोळीचा व्यास .५६८ इंच, म्हणजे नळीपेक्षा एक शतांश इंचाहूनही कमी लहान. एवढ्या थोड्या फटीतून गोळी उतरायची तर तिच्याभोवती वंगण हवेच, आणि गोळीच्या बाहेरच्या अंगाला वंगण धरून ठेवणारी वळी नसल्याने ते काडतुसाच्या कागदाला लावावे लागे. काडतूस म्हणजे कागदाची सुरळी होती. तिच्या एका टोकाला दारू आणि दुसऱ्या टोकाला गोळी, आणि गोळीकडचे टोक चरबी व मेण यांच्या मिश्रणात बुडवलेले. शिपायाने दारूकडचे टोक दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची, सुरळी उलटी करून गोळी तिच्या माखलेल्या कागदासह नळीच्या तोंडात बसवायची, वर उरलेला कागद तोडून फेकायचा आणि गजाने गोळी तळाशी न्यायची.

१८५७ च्या आरंभी डमडम, अंबाला आणि सियालकोट येथील शिक्षणकेंद्रांत या रायफलीचे धडे सुरू झाले आणि चरबी कशाची, या प्रश्नाने काय पेट घेतला ते महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे. इतिहासाच्या पुस्तकांत मात्र चरबीची चर्चा धर्मभावनेपासून सुरू होऊन तिथेच संपते. मुळात चरबी त्या कागदावर का आली, हा प्रश्न विचारला जात नाही. त्याचे उत्तर गोळीच्या बुडात आणि नळीच्या फटीत आहे. बंडाची कारणे अनेक होती आणि ती सारी एका काडतुसात कोंबणे हास्यास्पद ठरेल. तरीही पोकळ बुडाची गोळी नसती तर तो विशिष्ट चिकट कागद शिपायांच्या तोंडापाशी आला नसता, एवढे म्हणायला हरकत नाही. पुढे ब्रिटिशांनी गोळीचा व्यास .५५ इंचापर्यंत उतरवला, वाढलेली फट भरून काढण्यासाठी बुडात लाकडाची आणि नंतर भाजलेल्या मातीची खुंटी बसवली, आणि भरणे सोपे झाले. म्हणजे वाटीवाल्या संप्रदायाकडे अर्धे पाऊल मागे जाणे आले.

१८६० नंतर गोळी मागून भरण्याची सोय झाली आणि धातूची केस आली, तेव्हा पोकळ बुडाचे प्रयोजनच संपले असे वाटणे स्वाभाविक होते. भरताना सैल असण्याची अटच उरली नव्हती. ब्रिटिशांच्या स्नायडर रायफलीच्या बॉक्सर काडतुसात मातीची खुंटी काही वर्षे टिकली, तीही जुन्याच नळ्या नव्या यंत्रणेला जोडल्या होत्या म्हणून. त्यानंतर रायफलीच्या जगातून पोकळ बूड जवळजवळ नाहीसे झाले. पण हातातल्या लहान शस्त्रांत ते एका वेगळ्याच वाटेने परत आले, आणि ग्रंथाचा मुख्य विषय येथून सुरू होतो.

अमेरिकेत यादवी युद्धानंतर टोपी-दारूची जुनी रिव्हॉल्व्हरे धातूच्या काडतुसांसाठी बदलून घेतली जात होती. त्यांच्या नळीत केसच्या बाहेरच्या व्यासाएवढी गोळी लागे, म्हणून गोळीचा मागचा भाग टाचेसारखा बारीक करून तेवढाच केसमध्ये बसवत आणि बाकीची वंगण माखलेली गोळी उघडी राही. अशा उघड्या वंगणाला खिशातली धूळ चिकटे. यावर तोडगा म्हणून कारखान्यांनी वंगणासह संपूर्ण गोळी केसच्या आत घेतली. त्यासाठी ती अर्थातच बारीक करावी लागली आणि जुनी नळी तिला ढिली पडू लागली. .३८ लाँग कोल्ट आणि .४१ लाँग कोल्ट या दोन काडतुसांत ही अडचण फार स्पष्ट दिसते. .४१ च्या नळीचा व्यास सुमारे .४०१ इंच, आणि आत बसणारी नवी गोळी .३८६ च्या आसपास. दीड शतांश इंचाची ही तफावत भरून काढायला कारखान्यांना मिनिएंचेच तत्त्व उसने घ्यावे लागले. .३८ लाँग कोल्ट अमेरिकन सैन्याने १८९२ मध्ये स्वीकारले आणि फिलिपाइन्समधल्या लढायांत ते फार दुबळे ठरले. परंतु त्या दुबळेपणाचा दोष कधीकधी पोकळ बुडाला दिला जातो तो अन्यायकारक आहे, कारण हलकी गोळी आणि कमी वेग या दोन गोष्टी त्याला पुरेशा होत्या.

विसाव्या शतकात पोकळ बुडाला खरा आसरा दिला तो कागदी लक्ष्याने. नेमबाजाला हवी असलेली गोळी वॉडकटर या नावाने ओळखली जाते. तिचे तोंड सपाट आणि कड धारदार असते, त्यामुळे कागदावर फाटक्या भोकाऐवजी पंचाने पाडल्यासारखे नेटके वर्तुळ पडते आणि गुणांची रेघ तुटली की नाही याबद्दल वाद राहत नाही. .३८ स्पेशल काडतुसासाठीची अशी गोळी हातात घेतली तर प्रथम ती गोळी वाटतच नाही. १४८ ग्रेन वजनाचा, लांबी रुंदीच्या दीडपटीहून अधिक असलेला करडा दंडगोल, पुढून सपाट, अंगावर वंगणासाठी बारीक वळी, उलटा केला की खोल, गुळगुळीत खळगा आणि त्याभोवती नखाने दाबली तर खूण उमटेल इतकी मऊ कड. केसमध्ये ती पूर्णपणे आत बसते आणि तिचे तोंड केसच्या काठाशी समतल राहते. १९६१ मध्ये स्मिथ अँड वेसनने आणलेले ५२ क्रमांकाचे पिस्तूल अशी समतल बसवलेली वॉडकटरच चालवी, दुसरी गोळी त्याच्या मॅगझिनमध्ये मावतच नसे.

येथे पोकळीला आणखी एक काम मिळते. मागून शिसे काढल्याने गोळीचा गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि कमी वजनातही नळीला टेकणारी लांबी टिकते. सेकंदाला सातशे-साडेसातशे फूट इतक्या मंद वेगाने जाणाऱ्या, वाऱ्याला सपाट तोंड देणाऱ्या दंडगोलाला ५० यार्डांपर्यंत सरळ ठेवण्यात नळी मिटवण्याचा वाटा किती आणि वजन पुढे असण्याचा किती, यावर नेमबाजांत आजही एकमत नाही. भरीव बुडाची वॉडकटर पसंत करणारे म्हणतात की २५ यार्डांवर दोहोंत फरक दाखवून द्या. पोकळ बुडाचे पुरस्कर्ते त्यांना ५० यार्डांवर बोलावतात. दोघेही आपापल्या अंतरावर बरोबर असावेत, हा निष्कर्ष कोणालाच फारसा रुचत नाही.

पुनर्भरणाची परंपराही जुनी आहे. जॉन बार्लो यांनी १८८४ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे आयडियल कंपनी स्थापली आणि चिमट्यासारखे एक अवजार बाजारात आणले, ज्याने शेतघरातला माणूसही टोपी बसवून गोळी दाबू शके; ती कंपनी १९२५ मध्ये लायमनकडे गेली. १९४३ मध्ये कॅलिफोर्नियात फ्रेड हंटिंग्टन यांनी शिसे थंडच दाबून गोळ्या घडवण्याच्या साच्यापासून आरसीबीएस उभी केली, आणि घरगुती बाकावरच्या मजबूत दाबयंत्राचा काळ सुरू झाला. काळी दारू असताना केस भरून घालावी लागे, त्यामुळे जास्त दारू पडण्याची भीती जवळजवळ नव्हती. १८८४ मध्ये पॉल व्हिएल यांनी बिनधुराची दारू सिद्ध केल्यावर चित्र पालटले: जुन्या ऐसपैस केसच्या तळाशी चिमूटभर दारू पुरू लागली, तीच चिमूट चुकून दोनदा पडली तरी केसमध्ये मावू लागली, आणि समतल बसणारी वॉडकटर वरून बसवली की ती चूक बाहेरून ओळखण्याचा मार्गच उरला नाही.

पोकळ बुडाची गोळी भरणे हे इतर गोळ्या भरण्यापेक्षा अधिक नाजूक काम ठरते, आणि त्याची कारणे ग्रंथात सर्वांत विस्ताराने आली आहेत, ते योग्यच आहे. कड फाकायची तर शिसे मऊ हवे आणि दाब मर्यादेत हवा. घरी गोळ्या ओतणारे अनेकदा मोटारीच्या चाकांना समतोलासाठी लावायची वजने वितळवतात; त्यांत अँटिमनी असल्याने तो मिश्रधातू कठीण होतो आणि कड फाकायला नकार देते, म्हणजे पोकळी केवळ शोभेपुरती राहते. ओतताना साच्यात पोकळीसाठी एक खुंटी घालावी लागते आणि ती पुरेशी तापली नसेल तर कडेवर सुरकुत्या पडतात किंवा एका बाजूला भोक राहते. अशी गोळी फाकते ती वाकडी. म्हणून बहुतेक नेमबाज कारखान्यात थंड दाबून घडवलेल्या गोळ्याच घेतात. त्या गोळ्यांचा नेमकेपणा पोकळीमुळे की दाबून घडवलेल्या शिशाच्या एकसारखेपणामुळे, हा प्रश्न या क्षेत्रातल्या सर्वांत रोचक प्रश्नांपैकी एक आहे आणि सामान्य पुस्तिका तो विचारतही नाहीत. केसचीही अट असते. पितळी केसची भिंत तळाकडे जाड होत जाते. खोल बसवलेल्या गोळीची मऊ कड त्या जाड भागात शिरली की आवळली जाते आणि फटीचा सारा हिशोब बिघडतो. वॉडकटरसाठी मुद्दाम बनवलेल्या केसची भिंत म्हणून अधिक खोलवर एकसारखी पातळ ठेवलेली असते.

दाबाची मर्यादा ओलांडली तर काय होते, हे एका वाक्यात सांगण्यासारखे आहे. पातळ कड गोळीपासून तुटते, नाक पुढे निघून जाते, कडेचे शिशाचे वळे नळीत अडकून राहते, आणि नेमबाजाच्या ध्यानात काही आले नाही तर पुढची गोळी त्या वळ्यावर आदळून नळी फुगते किंवा फाटते. दारू फार कमी पडली तरी संकट टळत नाही; मंदावलेली गोळीच नळीत अडकते. थोडक्यात, पोकळ बुडाच्या गोळीला जगण्यासाठी मिळणारा पट्टा अरुंद आहे, आणि कड किती पातळ आहे यावरून तो पट्टा ठरतो. या विषयाच्या अभ्यासकाने एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाल्यास ती ही, की पोकळ बूड मापातल्या तफावतीशी केलेली तडजोड आहे: यंत्रकाम सुधारले, नळी आणि गोळी एकाच मापाची बनू लागली की ती मागे पडते, आणि जेथे माप पुन्हा अनिश्चित होते तेथे ती परत येते.

आज ती अशा कोणत्या जागी आहे, याचे उत्तर भारतीय वाचकाला अनपेक्षित वाटेल. आंतरराष्ट्रीय नेमबाजीतील २५ मीटर सेंटर फायर पिस्तूल हा प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही, पण जागतिक स्पर्धांत त्याला मान आहे आणि आशियाई क्रीडा स्पर्धांतही तो २०१४ पर्यंत होता, ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर व्यासाची शस्त्रे त्यात चालतात आणि बहुतेक स्पर्धक .३२ स्मिथ अँड वेसन लाँग काडतुसातली पोकळ बुडाची वॉडकटर वापरतात. कानपूरच्या कारखान्यातले .३२ रिव्हॉल्व्हर परवान्यावर बाळगणाऱ्यांना हेच काडतूस गोल नाकाच्या गोळीसह परिचित आहे. महाराष्ट्राचे अशोक पंडित यांनी १९९० च्या ऑकलंड राष्ट्रकुल स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक मिळवले. जसपाल राणा यांनी १९९४ मध्ये हिरोशिमा येथे आणि २००६ मध्ये दोहा येथे आशियाई सुवर्ण जिंकले ते याच प्रकारात. आणि ज्यांना सेंटर फायर पिस्तुलाशी कधीच कर्तव्य नसेल, त्यांनीही १० मीटर एअर रायफल वा पिस्तूल हाताळले असेल तर पोकळ बूड हाताळले आहेच: ४.५ मिलिमीटरचा, कमरेत बारीक आणि मागून पोकळ असा तो शिशाचा छर्रा दाबलेल्या हवेने कड फाकवत नळी मिटवतो. अंजली भागवत यांनी सिडनी ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठली ती अशाच छऱ्र्यांनी.

वर्तमानाचा दुसरा धागा शिशाचा आहे. कॅलिफोर्नियात जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना बंदी आहे; युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांत शिशाच्या छऱ्र्यांवर निर्बंध घातले आहेत; बंदिस्त नेमबाजी केंद्रांतील हवेतल्या शिशाबद्दलची काळजी तर कितीतरी जुनी आहे. तांबे किंवा जस्त यांची गोळी बनवता येते, पण मंद वेगाच्या दाबाला त्यांची कड दाद देत नाही. पोकळ बुडाचे सारे तत्त्वच शिशाच्या मऊपणावर उभे असल्याने शिसे गेले तर ते तत्त्वही जाईल, की कथिलासारख्या एखाद्या धातूत नवा जन्म घेईल, हा प्रश्न येत्या काही वर्षांत सोडवावा लागेल. याशिवाय न्यायवैद्यक प्रयोगशाळेत गोळीच्या बुडाचा आकार ओळखीच्या खुणांपैकी एक असतो, आणि जुन्या शस्त्रांचे जतन करणाऱ्या संग्रहालयांना नळीतून निघालेल्या गोळीवरून शस्त्राचा काळ ठरवावा लागतो; त्या दोन्ही वर्गांसाठीही या माहितीचा उपयोग आहे.

प्रस्तुत ग्रंथाने स्वतःला घालून घेतलेली मर्यादा स्पष्ट आहे. तो गोळीचा इतिहास, तिचे यंत्रशास्त्र आणि तिच्यावरून झालेले वाद एकाच सूत्रात मांडतो; कोणत्या केसमध्ये कोणती दारू किती ग्रेन घालावी, हे तो सांगत नाही. असे आकडे दारू बनवणाऱ्या कंपन्यांच्या चालू पुस्तिकांतूनच घ्यावेत, कारण दारूच्या घडणीबरोबर ते बदलतात आणि छापील ग्रंथ त्या बदलांच्या मागे पडतो. भारतात तर १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवान्यावाचून दारूगोळा बनवणे हा गुन्हा आहे, त्यामुळे इथल्या बहुसंख्य वाचकांसाठी पुनर्भरण ही करण्याची नव्हे, समजून घेण्याची गोष्ट आहे. ग्रंथाची रचनाही त्याला धरूनच आहे: दारूच्या कोष्टकांची जागा मोजमापाच्या रेखाचित्रांनी घेतली आहे, ज्यांत एन्फील्डपासून .३२ वॉडकटरपर्यंत प्रत्येक गोळी तिच्या नळीशेजारी एकाच प्रमाणात काढली आहे आणि दोहोंमधली फट इंचाच्या सहस्रांशात नोंदवली आहे.